कर्जाचा तगादा कचेरीत आला तर
(सभासद मेळाव्यात दिलेले भाषण)



एके काळी मुंबईच्या गिरण्यांच्या दरवाजावर पगाराच्या दिवशी सावकार काठी घेऊन उभा राहत असे. गिरण्या गेल्या, पण तगादा गेला नाही. आता कचेरीत फोन येतो, साहेबांच्या नावे पत्र येते, चार माणसांत नाव घेऊन अपमान होतो. मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी कर्ज काढलेला आपला माणूस लाजेने खाडे करू लागतो आणि त्या खाड्यांपायी नोकरी धोक्यात आणतो. म्हणून कायदा माहीत हवा.

पहिली गोष्ट, सावकाराने पत्र लिहिले म्हणून साहेबांना तुमचा पगार कापता येत नाही. त्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा आणि नंतर जप्तीचा आदेश लागतो. त्यालाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. समजा, हिशेबात धरण्याजोगा पगार २५,००० रुपये आहे. १,००० वजा जाता २४,००० उरतात. त्यातले १६,००० सुरक्षित. जास्तीत जास्त ८,००० कापले जातील. एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा होतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र ही सवलत लागू नाही. तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो.

पतपेढीचे कर्ज वेगळे. तिथे कपातीची संमती आपणच लिहून दिलेली असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे तशी कपात करणे कचेरीवर बंधनकारक आहे. आणि जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे! करार कायदा, १८७२ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राच्या भिडेखातर केलेली सही आपल्या घरची चूल विझवू शकते. जामीनदाराने रक्कम भरली तर ती मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे. म्हणून पावत्या जपा.

खाजगी सावकाराकडे परवाना आहे का, हे आधी विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वसुलीसाठी ऋणकोला धमकावणे, पाठलाग करणे, त्याच्या घराजवळ वा कामाच्या जागी घुटमळत राहणे हाही गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी द्या व पोच घ्या. जातीवरून जाहीर शिवीगाळ झाली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे; पोलीस ठाण्यात फिर्याद द्या.

बँकांच्या वसुली माणसांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले, की सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर फोन नको, कर्जदाराच्या कुटुंबाला आणि मित्रांना त्रास नको. असा त्रास झाल्यास आधी बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर लोकपालाकडे जा.

मात्र आपलीही काही कर्तव्ये आहेत. कोर्टाचे समन्स फेकून देऊ नका; गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो. कोरा धनादेश कुणाला देऊ नका. तो वटला नाही तर फौजदारी खटला होतो. सरकारी नोकरांनी वसुलीच्या दाव्याची माहिती स्वतःहून कचेरीला द्यावी, लपवू नये.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतल्या एखाद्या कुटुंबाचा अर्ज लिहून दिला आणि त्यांच्यासोबत तिथवर गेले, तरी या भाषणाचे सार्थक झाले, असे मी समजेन.

जय भीम!