सरते वर्ष आणि तिळारीचे पाणी



डिसेंबर संपत आला की आमच्या गोव्यात मुले गवत भरून एक म्हातारा तयार करतात. अंगात जुना सदरा, फाटकी विजार, डोक्यावर कोणीतरी टाकून दिलेली टोपी. त्याला रस्त्याच्या कडेला बसवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून चार पैसे मागायचे आणि ३१ तारखेच्या मध्यरात्री त्याला आग लावायची. हा म्हातारा म्हणजे सरते वर्ष. मी ख्रिस्ती घरातला. लहानपणी असे पुष्कळ म्हातारे मी जाळले आहेत. एका वर्षी मात्र माझ्या अंगणात मी तो करू दिला नाही. ते वर्ष २०२१चे. तेव्हापासून कोणतेही वर्ष सरू लागले की माझे मन त्या वर्षाकडे वळते, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलतो.

मी पेडणे तालुक्यातील इब्रामपूरला राहतो. सह्याद्रीत उगम पावणारी तिळारी दोडामार्गाकडून गोव्यात उतरते आणि पुढे शापोरा हे नाव घेऊन समुद्राला मिळते. आमच्या गावाचे बरेवाईट तिच्याशी बांधलेले आहे.

त्या वर्षाच्या एप्रिल-मे महिन्यांत महामारीची दुसरी लाट आली. रुग्णांना लागणाऱ्या प्राणवायूचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला, एवढे सांगितले तरी त्या दिवसांची कल्पना येईल. मृत्यूची वार्ता आली तरी सांत्वनाला जाता येत नव्हते. त्यातच १६ मे रोजी तौक्ते वादळाने गोव्याला झोडपले, झाडे मोडली, विजेचे खांब आडवे झाले. शाळा तर २०२०च्या मार्चपासूनच बंद होती आणि सारे शिक्षण भ्रमणध्वनीवर आले होते. घरात एक यंत्र आणि भावंडे तीन. आता तर तेही भारित करायला वीज नाही. फळ्यासमोर उभे राहून आयुष्य काढलेल्या माणसाला त्या काळात आपण शिक्षक आहोत की नाही, अशी शंका येऊ लागली होती.

आणि मग २३ जुलै उजाडला. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले. सत्तरी, डिचोली आणि पेडणे हे तालुके पाण्याने वेढले गेले. इब्रामपूर, चांदेल, हसापूर या आमच्या भागात लावणी आटोपलेली शेते चिखलाखाली गेली, कुळागरांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर एका ओळखीच्या घरी गेलो, तेव्हा पडवीत दोरीवर कपडे वाळत होते आणि कपड्यांशेजारी पाठ्यपुस्तकाची सुटी पाने.

धरण महाराष्ट्राच्या हद्दीत आहे, प्रकल्प दोन्ही राज्यांचा आहे. उन्हाळ्यात ज्या पाण्याची आम्ही वाट पाहतो, तेच पावसाळ्यात अंगावर येते. २०१९च्या ऑगस्टमध्येही ते असेच आले होते. पाऊस कोणाच्या हातचा नाही. जलाशय भरला की दरवाजांवाटे पाणी जाणारच, हे मलाही समजते. परंतु पाण्यापेक्षा निरोप आधी पोहोचावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे. (तारेचे दिवस जाऊन किती वर्षे झाली!)

१९ डिसेंबर २०२१ रोजी गोवामुक्तीला साठ वर्षे पूर्ण झाली. पणजीत मोठा समारंभ झाला. मला मात्र जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेला १९६१चा डिसेंबर आठवत होता. पूल उडवलेले, उद्या नाणे कोणते चालेल ठाऊक नाही, मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे ठाऊक नाही. तरीही पुढच्या काही वर्षांत गावोगाव प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका शाळेत मी अक्षर गिरवले.

नाताळच्या सुट्टीत नदीकडे गेलो, तर तेथे वायंगणाची तयारी चाललेली. एक वयस्क शेतकरी गुडघाभर चिखलात उभे होते. मी विचारले, "काका, जुलैत एवढे गेले, पुन्हा याच जागी?"

ते म्हणाले, "मास्तर, गाळ आला तेव्हा रडलो. काढायला हात पुरेनात. मग त्यातच नांगर घातला. आता बघायचे, जमीन काय म्हणते ते."

त्याच आठवड्यात मी मुलांना 'सरते वर्ष' या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. उत्तरांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर येऊ लागली. मला वाटले होते, सगळे पुराचे वर्णन करतील. बहुतेकांनी शाळेविषयीच लिहिले: मधल्या सुट्टीचे, बाकावरच्या जागेचे. पाचवीतल्या एका मुलाने मात्र शेवटची ओळ अशी लिहिली होती: "नव्या वर्षी पाणी सोडण्याआधी आम्हांला सांगावे, म्हणजे आम्ही म्हैस सोडू आणि दप्तर वर ठेवू." तो पाणी सोडू नका म्हणत नव्हता, गाव सोडून जाऊ असेही म्हणत नव्हता. म्हैस आणि दप्तर यांची व्यवस्था त्याने आधीच ठरवून टाकली होती. त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका मी सुधारल्या आणि ती वही जपून ठेवावयास सांगितली.

जानेवारीत शाळांची दारे पुन्हा बंद झाली. फेब्रुवारी २०२२मध्ये ती उघडली. तो मुलगा वर्गात आला तेव्हा त्याला आधी ओळखलेच नाही, इतका तो वाढला होता. खिडकीतून वायंगणाचे हिरवे शेत दिसत होते. मी हजेरीपट उघडला आणि बऱ्याच दिवसांनी समोरून "हजर" असा आवाज ऐकला. अजूनही पावसाळा सुरू झाला की मी त्याला विचारतो, "निरोप आला का रे?"