बिल्ला कुणाच्या छातीवर?
(युवक शिबिरातलं भाषण)



मी सायंटिस्ट नाही. मॅट्रिक पास आहे. गोदीत ठेकेदाराकडे हमाली करतो, रात्री कविता लिहितो. मग अणुविजेवर मी कशाला बोलायचं? कारण दिल्लीत जे धोरण ठरतं त्याचं ओझं शेवटी कुणाच्या तरी पाठीवर येतं. आणि पाठीचं मला कळतं.

गंधकाची बोट लागली की आमच्या टोळीला मास्क देतात. साहेबाची फेरी झाली की परत घेतात. रात्रभर डोळे जळतात. पण गंधक निदान दिसतं तरी. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही. कामगाराच्या छातीवरचा बिल्ला तेवढा तो मोजतो. आपल्याकडे नियम आहे : पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. नियम चांगलाच आहे. पण एकाची मर्यादा भरली की काय करायचं? दुसरा आणायचा. नाक्यावर माणसं काय कमी आहेत?

11 मार्च 2011 ला जपानात त्सुनामी आली, फुकुशिमाच्या तीन अणुभट्ट्या वितळल्या. साफसफाईला कोण? ठेकेदार, त्याच्याखाली उपठेकेदार, त्याच्याखाली मजूर. 2012 साली उघडकीला आलं, एका उपठेकेदारानं मजुरांना मोजयंत्रावर शिशाचं झाकण घालायला लावलं होतं. आकडा कमी दिसावा म्हणून! ठेकेदाराची जात सगळ्या जगात एकच.

आपल्याकडे 2009 साली कैगामध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळलेलं निघालं. पन्नासावर कामगारांच्या पोटात ते गेलं. आणि सुरक्षेवर नजर ठेवणारं नियामक मंडळ? 1983 साली स्थापन झालं आणि पुढं कित्येक वर्षं अणुऊर्जा आयोगालाच अहवाल देत राहिलं. म्हणजे मालकाच्या पगारावरचा चौकीदार मालकावरच पहारा देणार!

तारापूरला 1969 पासून वीज तयार होते. पुढं तिथं 540 मेगावॅटच्या दोन भट्ट्या आल्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. दिवे शहरात लागले, चुली त्यांच्या विझल्या.

मी विजेच्या विरोधात नाही. ज्याच्या बापानं कंदिलाखाली डोळे फोडले तो विजेला नाही कसा म्हणेल? 1942 ते 46 बाबासाहेब मजूरमंत्री होते, वीज खातंही त्यांच्याचकडे होतं. 1943 सालीच त्यांनी सवाल टाकला होता : वीज कुणाच्या मालकीची असावी, खाजगी की सरकारी? आज सरकार म्हणतं 2047 पर्यंत 1 लाख मेगावॅट अणुवीज. 2025 च्या कायद्यानं खाजगी कंपन्यांना दारही उघडलं. बाबासाहेबांचा सवाल अजून तसाच उभा आहे.

म्हणून आपली मागणी साधी आहे. ठेकेदार बदलला तरी मजुराच्या अंगात किती गेलं याची वही मजुराच्याच हातात राहिली पाहिजे. धोक्याच्या कामाला नाही म्हटलं म्हणून कुणाची रोजी तुटता कामा नये. काम सुटल्यावरही मरेपर्यंत तपासणी आणि औषधपाणी फुकट. आणि चौकीदार मालकाच्या पगारावरचा नको.

हे देणार नसाल तर सुरक्षेच्या गप्पा आम्हाला सांगू नका. तो बिल्ला आधी मंत्र्यानं आणि कंपनीच्या मालकानं छातीवर लावावा, भट्टीच्या दुरुस्तीला आत उतरावं. मग बोलू.

जयभीम!