रूळ, जहाज आणि बजबज
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला विषय देताना बजावले होते, "अलास्काच्या सहलीवर बोला, पण फोटो दाखवत बसू नका. लोक आरतीच्या आधी पेंगतात." त्यामुळे आज फोटो नाहीत. मी रेल्वेत पी-वेचा माणूस. पदविका घेऊन नोकरीला लागलो आणि रूळ, स्लीपर, खडी यांतच निम्मे आयुष्य गेले. तेव्हा माझे प्रवासवर्णनही थोडे रुळावरूनच जाईल, ते गोड मानून घ्या.

२०१९च्या जून महिन्यात मी, सौ. आणि माझी आई असे तिघे एका ग्रुप टूरबरोबर कॅनडा आणि अलास्का करून आलो. पहिले सात दिवस जमिनीवरून : कॅल्गरी, बँफ, लेक लुईस, कोलंबिया आइसफील्ड, रेव्हलस्टोक आणि व्हँकुव्हर. पुढच्या सात रात्री जहाजावर. रेल्वेचा पास तिकडे चालत नाही, त्यामुळे दोन मुदतठेवी मोडाव्या लागल्या. सरकारी नोकराला परदेशी जायला खात्याचे ना-हरकत पत्र लागते, तेही मिळवले. व्हिसा दोन लागतात, कॅनडाचा वेगळा आणि अमेरिकेचा वेगळा. जहाज कॅनडातून निघते, पण अलास्का अमेरिकेत आहे, हे आमच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांना पटेना.

अलास्काची इतकी जहाजे अमेरिकेऐवजी कॅनडातून का निघतात, याचे कारण गमतीचे आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी वाहून नेता येत नाहीत. ही मोठमोठी जहाजे बहुतेक परदेशी नोंदणीची. म्हणून मध्ये कॅनडाचे बंदर घ्यावे लागते आणि त्याचा फायदा व्हँकुव्हरला होतो. कागदावरच्या एका ओळीने सारी वाहतूक कशी वळते, हे आम्हा रेल्वेवाल्यांना वेगळे सांगायला नको.

आमच्या ग्रुपमध्ये बत्तीस माणसे होती. टूर मॅनेजर डोंबिवलीचा, तिशीतला तरतरीत मुलगा. सकाळी सहाला उठवणे, सातला नाश्ता, आठला बस, असा त्याचा खाक्या. ग्रुप टूरची चेष्टा करणारे पुष्कळ असतात, पण माझ्या सत्तरीच्या आईचे गुडघे आणि आमचे इंग्रजी लक्षात घेता आम्हाला ती फार सोयीची पडली. बॅगा दारापर्यंत येतात, डाळभाताची सोय होते आणि कुणी मागे राहिले तर शोधायला माणूस असतो. तोटा एकच. टूरच्या कागदावर जे छापले आहे तेवढेच आपण पाहतो. आणि जे छापलेले नाही, त्याविषयी मला आज मुख्यतः बोलायचे आहे.

रॉकी पर्वतात किकिंग हॉर्स नावाची खिंड आहे. १८८४ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने तिथून मार्ग काढला तेव्हा पैसे आणि वेळ दोन्ही अपुरे होते. म्हणून पश्चिमेच्या बाजूला साडेचार टक्क्यांचा, म्हणजे साधारण १ ला २२ असा उतार ठेवला. आपला भोर घाट १ ला ३७ आहे आणि तिथेही आपण मागून बँकर इंजिने लावतो, यावरून कल्पना करा. त्या चढाला नावच पडले 'बिग हिल'. उतरणारी पहिलीच बांधकामाची गाडी सुटली आणि तीन माणसे गेली. मग आपल्या घाटातल्या कॅच सायडिंगसारखी व्यवस्था केली. गाडी काबूत आहे अशी खात्री पटल्याशिवाय पॉइंट्समन मुख्य मार्गाचा सांधा द्यायचाच नाही. पंचवीस वर्षे असे चालले. शेवटी १९०९ साली डोंगराच्या पोटात दोन वळणदार बोगदे खणून उतार निम्म्यावर आणला. लांबलचक मालगाडी आली की तिचे इंजिन बोगद्यातून बाहेर पडून आपल्याच शेपटीवरून जाताना दिसते. दार्जिलिंगचा बतासिया लूप पाहिलेल्यांनी तसाच प्रकार डोंगराच्या आत, ब्रॉडगेजच्या धाकट्या भावावर कल्पावा. आमची बस तिथे पंधरा मिनिटे थांबली. मला पंधरा तासही कमी पडले असते.

या चढावरून एक आपला माणूसही गेला आहे. १८९३च्या जुलैमध्ये स्वामी विवेकानंद योकोहामाहून बोटीने व्हँकुव्हरला उतरले आणि तिथून याच रेल्वेने विनिपेगमार्गे शिकागोला गेले. तेव्हा वळणदार बोगदे नव्हते, म्हणजे त्यांची गाडी त्या बिग हिलवरूनच चढली असणार. कोलकात्यात राहून हे मला ठाऊक नव्हते. तिथला माहितीफलक वाचता वाचता १८९३ हे साल डोक्यात घुमू लागले आणि रात्री हॉटेलवर हिशेब जुळला.

पुढे क्रेगेलाची नावाचे छोटे ठिकाण लागते. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी तिथे या मार्गाचा शेवटचा खिळा ठोकला. त्या प्रसंगाचे छायाचित्र कॅनडात घरोघरी माहीत आहे. टोप्या घातलेले साहेब, दाढीवाले संचालक, सगळे त्यात आहेत. पण ब्रिटिश कोलंबियातल्या सर्वांत अवघड भागात सुरुंग लावणारे सुमारे पंधरा हजार चिनी मजूर होते, निदान सहाशे तरी त्यात मेले, आणि त्या प्रसिद्ध चित्रात त्यांतला एकही दिसत नाही. मार्ग पुरा झाला त्याच वर्षी चिनी माणसाच्या प्रवेशावर डोईपट्टी बसवली. कॅनडाच्या सरकारने त्याबद्दल २००६ साली माफी मागितली. गँगमन आणि कीमन यांच्याबरोबर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ते छायाचित्र पाहून फार नवल वाटले नाही. आपल्याकडच्या उद्घाटनाच्या फोटोतही गँगमन शोधून सापडत नाही.

आता व्हँकुव्हर. जहाजात बसायच्या दिवशी सकाळी दोन तास 'खरेदीसाठी मोकळे' होते. आमचे जहाज जिथे लागले होते, तिथून पायी थोड्या अंतरावर कोल हार्बरच्या बागेत एक स्मारक आहे, 'कोमागाता मारू'चे. टूरच्या कागदावर ते नव्हते. मी टूर मॅनेजरला विचारले, तर तो म्हणाला, "काका, ग्रुप म्हणून नेता येणार नाही, पण तुम्ही जाऊन या. बाराला इथे हजर." बसमध्ये मी माइक मागून घेतला आणि कुणाला यायचे आहे का विचारले. मागून एक गृहस्थ म्हणाले, "सुट्टीत कशाला रडगाणे? एवढे पैसे भरलेत, मजा करू द्या." त्यांचे अगदीच चुकीचे नव्हते. पण मी त्यांना म्हणालो, "साहेब, आज दुपारी आपण ज्या पाण्यातून निघणार, त्याच पाण्यात आपल्या देशाची माणसे दोन महिने अडकून पडली होती. वीस मिनिटांचा प्रश्न आहे." शेवटी नऊजण आले. त्यांत ते गृहस्थही होते.

थोडक्यात हकिगत अशी. १९१४च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' नावाचे जपानी जहाज हाँगकाँगहून ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आले. बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. बाबा गुरदित्तसिंग यांनी ते भाड्याने घेतले होते. कॅनडाने १९०८ साली नियम केला होता की, परदेशी माणसाने आपल्या मायदेशातून कुठेही न थांबता थेट आले पाहिजे. हिंदुस्थानातून थेट येणे जवळजवळ अशक्यच होते. शिवाय प्रत्येकाजवळ दोनशे डॉलर हवेत. नियमात कुठेही 'हिंदी माणूस नको' असे लिहिले नव्हते, पण अर्थ तोच होता. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही त्यांना उतरू दिले नाही. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांनी वर्गणी काढून कोर्टात झुंज दिली, ती हरली. पोलीस जहाजावर चढू लागले तेव्हा प्रवाशांनी दगडी कोळसा फेकून त्यांना परतवले. मग युद्धनौका आणली. आधीपासून कॅनडात राहणारे वीसबावीसजण तेवढे उतरू शकले आणि २३ जुलैला जहाज परत फिरले.

स्मारकावर प्रवाशांची नावे आहेत. आई गुडघे धरून उभी होती. ती इंग्रजी अक्षरे लावत एकेक नाव वाचू लागली. म्हणाली, "यांच्या घरी कुणी वाट बघत असेल नाही रे?" मी काही बोललो नाही. बाराला आम्ही हजर होतो.

दुपारी जहाजावर चढलो. जहाज म्हणजे तरंगते गावच. आधी सर्वांना लाइफ जॅकेट आणि धोक्याच्या भोंग्याची कवायत. अलास्कात घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. खाणे सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. सूचना एकच : तिकिटात सगळे येत नाही. रोजचा सेवाशुल्क, बंदरावरच्या सहली, इंटरनेट यांचे पैसे वेगळे. हे आधी विचारून घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल पाहून चक्कर येणार नाही. त्या संध्याकाळी लायन्स गेट पुलाखालून जहाज बाहेर पडले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. आमच्या नऊजणांपैकी कुणी वाजवल्या नाहीत. ते मागच्या बाकावरचे गृहस्थ माझ्या शेजारी कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे पाहत होते.

जहाज केचिकन, जुनो, स्कॅगवे अशा गावांना थांबत जाते. जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्त्याने जाताच येत नाही, विमान नाही तर बोट. स्कॅगवेहून मात्र माझा सण होता : व्हाइट पास आणि युकॉन रेल्वे, तीन फुटी नॅरोगेज. क्लोंडाइकच्या सोन्याची हूल उठली तेव्हा १८९८ साली काम सुरू करून १९०० साली पुरे केले. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढण, तीव्रतम चढ ३.९ टक्के, म्हणजे १ ला २६च्या आसपास. वाटेत एका प्रचंड खडकावर काळा क्रूस आहे. सुरुंगाच्या अपघातात दोन मजूर त्याखाली गाडले गेले, ते तिथेच आहेत. १९८२ साली खाणी मंदावल्या आणि ही लाइन बंद पडली. १९८८ साली प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाली. सोने संपले, लाइन मात्र जहाजांच्या प्रवाशांवर जगली.

ग्लेशियर बेमध्ये उन्हाळ्यात दिवसाला फक्त दोन मोठी प्रवासी जहाजे सोडतात. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि माहिती देतात. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेली होती. १८७९ साली जॉन म्यूर आला तोवर बर्फ साठ किलोमीटरहून जास्त मागे हटला होता. आज खाडीच्या टोकाला पोहोचायला शंभर किलोमीटर आत जावे लागते. कड्याचा एक तुकडा पाण्यात पडला, आधी दिसला आणि मग गडगडाट ऐकू आला. सगळे जहाज चिडीचूप होते.

असो. आता समारोप. 'कोमागाता मारू' परत फिरले, ते कुठे लागले? इथे, आपल्या बजबजला. २९ सप्टेंबर १९१४. सरकारने प्रवाशांना थेट पंजाबात धाडण्यासाठी स्पेशल गाडी उभी केली होती. बहुतेकांनी तीत बसायला नकार दिला आणि ते कोलकात्याकडे पायी निघाले. त्यांना अडवून परत आणले आणि संध्याकाळी स्टेशनाजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस माणसे मेली, पुष्कळांना तुरुंगात टाकले. १९५२ साली तिथे स्मारक झाले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी १८ मे २०१६ रोजी त्यांच्या संसदेत माफी मागितली. आणि योगायोग पाहा, त्याच व्हँकुव्हरहून शिकागोला गेलेले स्वामी विवेकानंद १८९७च्या फेब्रुवारीत परतले तेही बजबजलाच, आणि तिथून स्पेशल गाडीने सियालदहला आले. तेव्हा सियालदहवर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. सतरा वर्षांनी त्याच बजबजला दुसरी स्पेशल उभी राहिली. एक स्वागताची, दुसरी हद्दपारीची. लाइन एकच.

बंधु-भगिनींनो, अलास्काला जरूर जा. पैसे जमले तर आईवडिलांना घेऊन जा, त्यांचे गुडघे चालतात तोवर जा. पण त्याआधी एक विनंती. सियालदहहून बजबजची लोकल आहे, तासाभराचा प्रवास. मी इतकी वर्षे कोलकात्यात राहतो, पण व्हँकुव्हरचे स्मारक आधी पाहिले आणि बजबजचे नंतर. विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी तिथे जाणार आहे. मुलांना घेऊन या. टूर मॅनेजर मी, नाश्ता आमच्या सौ.कडून, आणि छापील कार्यक्रम नसल्यामुळे वेळ हवा तेवढा.

गणपती बाप्पा मोरया!