ऑपरेशननंतरचे निदान

बाप्पाच्या मांडवात दवाखान्याच्या गोष्टी कशाला, असे काहींना वाटेल; पण ऑपरेशन कुठल्या घराला चुकले आहे? म्हणून आम्ही परिचारिका आज बोलतो आहोत.

डॉक्टर आजाराचे निदान करतात: पित्ताशयातील खडे, हर्निया. ऑपरेशननंतर आम्ही आमचे निदान लिहितो: तीव्र वेदना, कफ नीट न सुटणे, जंतुसंसर्गाचा धोका, हालचाल मंदावणे, पडण्याचा धोका. अशा निदानांची पद्धतशीर यादी करण्याचे काम १९७३ साली अमेरिकेत सुरू झाले.

यातले पहिलेच निदान आपल्या माणसांत हमखास निसटते. पोटाचे ऑपरेशन झालेल्या आजींना विचारावे, "दुखतंय का?" तर उत्तर येते, "एवढं तेवढं चालायचंच." पण दुखते म्हणून त्या खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत. कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. पडूनच राहिल्या तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून आम्ही शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा विचारतो. तो खरा सांगण्यात कमीपणा नाही. त्यावरून डॉक्टरांना औषध ठरवता येते.

घरच्यांनी एवढे करावे: हात धुऊन रुग्णाजवळ जावे, खोकताना टाक्यांवर उशी धरायला मदत करावी, पहिल्यांदा उठवताना आम्हाला हाक मारावी, आणि "सोसा थोडं" म्हणू नये. बाप्पा विघ्नहर्ता आहेच. विघ्न वेळेवर सांगायचे काम मात्र आपले.

गणपती बाप्पा मोरया!