मुक्या सोबत्याची चाल
(युवक मेळाव्यातील भाषण)



सुटीच्या दिवशी मित्रमंडळींनी मिळून डोंगर चढण्याचा छंद आपल्या मुलांतही रुजला आहे. अल्सेशियन, लॅब्रॅडॉर असे दांडगे कुत्रेही आता आपल्या वस्त्यांत दिसतात आणि हौसेने डोंगरावर नेले जातात. ही हौस वाईट नाही. पण तिच्याबरोबर कोणती जबाबदारी येते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

इंग्लंडमधील सर्वांत उंच डोंगर म्हणजे स्कॅफेल पाइक. उंची ३,२०९ फूट, म्हणजे आपल्या ५,४०० फुटी कळसूबाईपेक्षा पुष्कळच ठेंगणा. जुलै २०२० मध्ये तेथून उतरताना डेझी नावाची सेंट बर्नार्ड कुत्री मागच्या पायांच्या दुखण्याने खाली बसली, ती उठेचना. वजन ५५ किलो. अखेर बचाव पथकाच्या १६ स्वयंसेवकांनी तिला स्ट्रेचरवरून खाली आणले. त्याला सुमारे पाच तास लागले. आल्प्सच्या खिंडीत बर्फात अडकलेल्या वाटसरूंना वाचविण्यासाठी जी जात प्रसिद्ध झाली, त्याच जातीच्या कुत्रीला माणसांना वाहून आणावे लागले!

दुसरी घटना ऑगस्ट २०१२ मधील, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील. बियरस्टॅट हे शिखर १४ हजार फुटांहून उंच. जवळच्या खडकाळ धारेवर मिस्सी या अल्सेशियन कुत्रीचे तळपाय सोलून निघाले. वादळ येत होते. मालक तिला तेथेच सोडून खाली उतरला. ती आठ दिवस डोंगरावर होती. एका गिर्यारोहक दांपत्याला ती दिसली; पण दोघांना ती उचलवेना. मग आठ अनोळखी स्वयंसेवक एकत्र आले आणि त्यांनी तिला पाठीवरच्या पिशवीत घालून खाली आणले. मालकावर खटला झाला आणि मिस्सी त्या आठांपैकी एकाच्या घरी गेली.

मित्रहो, दोष कोणाचा, हा आपला विषय नाही. बोध घ्यायचा तो असा : माणूस दमला की "थांबा" म्हणतो. कुत्रा म्हणत नाही. धन्यामागे तो पडेपर्यंत चालतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. मोठ्या, केसाळ कुत्र्याला ऊन अधिक बाधते. आपला काळा कातळ तर दुपारी तव्यासारखा तापतो, आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या कुत्र्याच्या पायांसाठी केलेल्या नाहीत.

म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा. अभयारण्याच्या हद्दीत कुत्रा नेता येतो का, हे वनखात्याला विचारा. पहाटे निघा. त्याचे पाणी वेगळे घ्या. वाटेत त्याचे तळपाय तपासा. लाळ फार गळू लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, चाल लटपटली, तर सावलीत थांबवा, अंग ओले करा, वारा घाला आणि लवकरात लवकर पशुवैद्याकडे न्या. मुख्य म्हणजे, वेळ आली तर सर्वांनी मिळून त्याला उचलून खाली आणता येईल का, हे पायथ्याशीच स्वतःला विचारा. उत्तर "नाही" असेल, तर त्याला घरीच ठेवा.

मी बँकेतला माणूस. आमच्याकडे जामीनदाराची सही घेतल्याशिवाय पुष्कळ कर्जे मिळत नाहीत. डोंगरावर कुत्र्याचे जामीनदार आपण असतो. शिखर राहिले तरी चालेल; वर गेलेले सगळे खाली आले पाहिजेत.