छोट्या संगणकाला तारेची जोड

(शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



शाळेतील पर्जन्यमापकाची नोंद आपोआप ठेवणे, किंवा वाचनालयाची यादी प्रत्येक वर्गात पाहता येणे, अशा कामांना मोठा संगणक लागतो, असा समज अजूनही आढळतो. वस्तुतः तळहातापेक्षा लहान, एकाच बोर्डावर सामावलेला संगणकही ही कामे करू शकतो. प्रश्न असतो तो त्याला इतर संगणकांशी खात्रीने जोडण्याचा. अल्प खर्चात हे कसे साधावे, हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

उदाहरणादाखल ब्रिटनमधील 'रास्पबेरी पाय झिरो' हा संगणक घेऊ. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो ५ डॉलर किमतीस विक्रीस आला. त्याची लांबी ६५ मिलिमीटर व रुंदी ३० मिलिमीटर आहे. या मूळ झिरोमध्ये नेटवर्कची तार जोडण्याची जागा नाही आणि वायफायही नाही. २०१७ मध्ये आलेल्या 'झिरो डब्ल्यू'मध्ये वायफाय आहे. मग तार कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडील जुन्या इमारतींच्या चिऱ्यांच्या जाड भिंती ओलांडताना वायफायच्या लहरी क्षीण होतात. तारेला भिंतीची अडचण नसते, आणि नोंद अखंड राहावयाची असेल तर हा गुण मोलाचा ठरतो.

तार जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, यूएसबीला लावावयाच्या इथरनेट अडॅप्टरचा. हा सोपा व अधिक वेगवान आहे. परंतु झिरोला माहितीच्या देवाणघेवाणीसाठी यूएसबीची एकच जागा असते आणि ती यात अडकून पडते. दुसरा मार्ग 'ईएनसी२८जे६०' ही चिप बसविलेल्या छोट्या मॉड्यूलचा. ते काही शे रुपयांत मिळते आणि यूएसबीची जागा मोकळी ठेवते.

या मॉड्यूलची जोडणी सात तारांची आहे. झिरोवर ४० पिनांची जागा असते. मूळ झिरोवर या पिना स्वतः डाग देऊन बसवाव्या लागतात. मॉड्यूलचा ३.३ व्होल्टचा पुरवठा १७ क्रमांकाच्या पिनेस व ग्राउंड २० क्रमांकाच्या पिनेस जोडावा. मॉड्यूलवरील 'एसआय' १९ ला, 'एसओ' २१ ला, 'एससीके' २३ ला, 'सीएस' २४ ला आणि 'आयएनटी' २२ ला जोडावे. शेवटची तार टपालवाल्याच्या हाकेसारखी आहे: माहिती आली आहे, एवढेच ती संगणकास कळविते. यानंतर संगणकाच्या मांडणीच्या फाइलीत दोन ओळी घालावयाच्या असतात. एकीने 'एसपीआय' हा माहितीचा मार्ग खुला होतो, दुसरीने या चिपेची ओळख दिली जाते. चिप चालविणारा प्रोग्राम लिनक्समध्ये आधीच समाविष्ट असल्याने त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही.

काही दक्षता मात्र अवश्य घ्यावी. जोडणी करताना वीज बंद असावी. झिरोच्या माहितीच्या पिनांना ५ व्होल्ट कधीही देऊ नयेत. संगणक कायमचा निकामी होऊ शकतो. माहिती पाठविताना चिप १८० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेते, म्हणून दुबळा चार्जर वापरू नये. आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकविते. नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणास स्वतःचा ओळखक्रमांक लागतो. या चिपेत तो कारखान्यातून घातलेला नसतो. त्यामुळे संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी नवा क्रमांक घेऊ शकतो, आणि राउटर त्याला नवा पाहुणा समजून वेगळा पत्ता देतो. मग कालपर्यंत दिसणारी यादी आज सापडेनाशी होते. मांडणीत एकच क्रमांक कायम करून ठेवला म्हणजे ही अडचण मिटते.

या साधनाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. चिपेचा वेग सेकंदास १० मेगाबिट, म्हणजे कागदोपत्री सव्वा मेगाबाइट असून प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो. पावसाचे आकडे, हजेरी, पुस्तकांची यादी यांस तो विपुल आहे. संपूर्ण वर्गाला एकाच वेळी चलच्चित्रे दाखवावयाची असल्यास तो पुरणार नाही; तेथे यूएसबीचा मार्गच पत्करावा.

तारेची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये. मे महिन्यातील वळिवाच्या वेळी व पावसाळा सरताना विजा कडाडतात. अशा तारेतून येणारा विजेचा झटका दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतो. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच नेटवर्कची तार व वीजपुरवठा दोन्ही काढून ठेवावीत.

काटकसर म्हणजे केवळ स्वस्त वस्तू विकत घेणे नव्हे. आपली गरज मोजावी, तीस पुरेल तेवढेच साधन निवडावे आणि ते आपल्या हातांनी दुरुस्त करता येईल इतके समजून घ्यावे. या सात तारा ज्या विद्यार्थ्याने स्वतः जोडल्या, त्याला पुढे एखादी निखळली तर बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही. आपल्या शाळांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.