आलेख आणि माउसचें भिंग

चौकटींच्या कागदावर आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा एखादा भाग निरखून पाहावयाचा असला, तर नवा कागद घेऊन, मोठें प्रमाण धरून, तेवढ्या भागाचे बिंदू पुन्हा मोजावे लागत. संगणकाच्या पडद्यावर हेंच काम माउस क्षणांत करतो. जॉन हंटर या अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञानें २००३ सालीं मॅटप्लॉटलिब हें साधन प्रसिद्ध केलें. अपस्माराच्या रोग्यांच्या मेंदूंतील विद्युल्लहरींच्या नोंदी अभ्यासणें, ही त्याची मूळ गरज होती. या साधनांत भिंगाचें चिन्ह निवडून, माउसची डावी कळ दाबून, हव्या त्या भागावर आयत ओढावा. कळ सोडतांच तेवढाच भाग सारी चौकट व्यापतो.

सोय मोठी खरी. परंतु तींत एक फसगत दडलेली आहे. कागदावर बिंदू पुन्हा मोजले जात. येथें बहुधा जुनेच बिंदू दूर दूर सरकतात, व त्यांना जोडणाऱ्या रेषा लांबतात. समजा, एक साइन-लहर दर ०.१ अंतरांत एक पूर्ण हेलकावा घेते. शून्यापासून दहापर्यंत तिचे शंभर हेलकावे होतात. त्या टापूंत समान अंतरावर १०१ बिंदू घेतले, तर प्रत्येक बिंदूशीं लहरीची किंमत शून्यच येते. पडद्यावर सपाट रेषा उमटते, आणि ती कितीहि मोठी केली तरी सपाटच राहते!

ऑस्ट्रियांतील मार्कुस होहेनवार्टर यांनीं २००१ सालीं आरंभिलेल्या जिओजेब्रांत निराळी व्यवस्था आहे. तेथें सूत्र दिलेलें असलें, म्हणजे माउसचें चाक फिरवतांच नव्या टापूसाठीं बिंदू सूत्रावरूनच पुन्हा काढले जातात, आणि लपलेली लहर प्रकट होऊं शकते.

तथापि पुनर्गणनेलाहि मर्यादा आहे. संगणकाचा नेहमींचा हिशेब सुमारें सोळा अंकांपर्यंतच अचूक असतो. क्ष उणें एक याचा सातवा घात विस्तारून, ०.९८८ ते १.०१२ या टापूंत त्याचा आलेख काढला, तर गुळगुळीत वक्राच्या जागीं कांट्यांचें रान दिसतें. तीच राशि न विस्तारतां घातरूपांत मांडली, कीं वक्र पुन्हा नितळ होतो. ते कांटे गणिताचे नसून हिशेबांतील सूक्ष्म त्रुटींचे असतात.

म्हणून आलेख मोठा करणारानें दोन गोष्टी पाहाव्या: बिंदू नव्यानें मोजले आहेत काय, आणि सूत्र दुसऱ्या रीतीनें मांडल्यावर तेंच चित्र येतें काय. या दोन्ही कसोट्यांस उतरलेलें चित्रहि पुरावा ठरत नाहीं. सिद्धता कोठें शोधावी, एवढेंच तें सुचवितें.